लिनक्सचे देशांतर

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकांच्या जाळ्यावरून आपल्या समव्यसनी मंडळींना एक छोटेसे निवेदन पाठविले. आपण एक कार्यप्रणाली लिहीत आहो, तो केवळ छंद आहे, तिच्यातून काही फार मोठे निष्पन्न व्हावयाचे नाही, असे त्याने त्यात विनयाने म्हटले होते. निवेदनाच्या अखेरीस त्याने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती. ही प्रणाली इंटेल कंपनीच्या ३८६ ह्या प्रोसेसरशी जखडलेली आहे, ती दुसऱ्या यंत्रावर नेता येण्याजोगी नाही, आणि आपल्यापाशी ज्या प्रकारची हार्डडिस्क आहे तिच्याखेरीज दुसरी कोणतीही तिला बहुधा कधीच चालणार नाही, असे ते सांगणे होते. ह्या गोष्टीला सहा वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच १९९७ साली ह्याच विद्यार्थ्याने त्याच विद्यापीठाला आपला पदव्युत्तर प्रबंध सादर केला. प्रबंधाचे नाव होते ‘लिनक्स : एक पोर्टेबल ऑपरेटिंग सिस्टिम’, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सुखाने नेता येणारी कार्यप्रणाली.

पहिल्या कागदात जे अशक्य म्हणून सांगितले होते, तेच दुसऱ्या कागदात सिद्ध झालेले सत्य म्हणून आले. मधल्या काळात काय घडले, हा संगणकांच्या अर्वाचीन इतिहासातील मोठा उद्बोधक भाग आहे. त्यात टॉरवल्ड्सच्या बुद्धीचा वाटा मोठा आहे ह्यात शंका नाही. परंतु ह्या प्रवासाचा आरंभ त्याने केला नाही. तो ज्यांच्या घरी इंटेलचे यंत्र नव्हते, अशा लोकांनी केला.

कार्यप्रणाली म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. संगणक सुरू होताच जी आज्ञावली यंत्राचा ताबा घेते, स्मृतीची वाटणी करते, कळफलक, पडदा आणि हार्डडिस्क ह्यांच्याकडून कामे करवून घेते आणि इतर सर्व आज्ञावलींना आपापल्या पाळीने चालू देते, ती कार्यप्रणाली. मोठ्या वाड्यातील कारभाऱ्याचे काम ती करते म्हणा ना! पण कारभारी म्हटला म्हणजे त्याला वाड्याचा कोपरा न् कोपरा ठाऊक असावा लागतो. आणि म्हणूनच एका वाड्याचा कारभारी एकाएकी दुसऱ्या वाड्यात नेऊन बसविला, तर त्याची तारांबळ उडते. प्रत्येक प्रोसेसरकुलाची आज्ञांची भाषा निराळी असते. इंटेलची भाषा एएमडीसारख्या इतर कंपन्यांचे प्रोसेसरही बोलतात. तेव्हा येथे इंटेलेतर यंत्र म्हणजे निराळ्या भाषेचे यंत्र असे समजावयाचे.

भाषेखेरीज चालीरीतींचाही भेद असतो. पंचेचाळीस हा आकडा मराठी माणूस उच्चारतो तेव्हा पाच आधी येतात आणि चाळीस मागून; तोच आकडा लिहावयाचा झाला की चार आधी आणि पाच मागून. संगणकांतही असाच प्रकार आहे. एखादी मोठी संख्या स्मृतीत ठेवताना इंटेलचे प्रोसेसर तिचा लहान भाग आधी ठेवतात, तर मोटोरोलाचे प्रोसेसर मोठा भाग आधी ठेवतात. एका रीतीवर विसंबून लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर नेली, तर पंचेचाळिसाचे चोपन्न व्हावयास वेळ लागत नाही. अशा शेकडो बारीकसारीक गृहीतांचा शोध घेऊन ती एकेक सुधारणे, ह्या उद्योगास ‘पोर्टिंग’ म्हणतात. मराठीत त्यास रूपांतर म्हणावयास हरकत नाही.

टॉरवल्ड्सला मोटोरोलाचे कूळ अपरिचित होते असे नाही. त्याचे आधीचे यंत्र सिंक्लेअर क्यूएल हे होते आणि त्यात मोटोरोलाचा ६८००८ हा प्रोसेसर होता. १९९१ च्या जानेवारीत त्याने ३८६ चे यंत्र घेतले. ह्या प्रोसेसरमध्ये एका आज्ञावलीची स्मृती दुसरीपासून सुरक्षित ठेवण्याची आणि अनेक कामे आलटूनपालटून चालविण्याची सोय होती. ती सोय कशी वापरावी हे शिकता शिकताच लिनक्स जन्मास आली. ज्या यंत्राचा अभ्यास करण्यासाठी ती लिहिली, त्या यंत्राचे सर्व विशेष तिच्यात उतरावेत हे स्वाभाविकच होते.

ह्या गोष्टीवर पहिला मोठा आक्षेप आला तो २९ जानेवारी १९९२ रोजी. ॲमस्टरडॅम येथील व्हरिये विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम ह्यांनी अध्यापनासाठी मिनिक्स नावाची लहानशी कार्यप्रणाली लिहिली होती, आणि टॉरवल्ड्सने तिच्याच साहाय्याने आपले काम आरंभिले होते. ह्या विद्वान गुरूने लिनक्स कालबाह्य असल्याचा निर्णय जाहीरपणे दिला. त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक, लिनक्सचा गाभा अखंड आहे. तो लहान ठेवून बाकीची कामे स्वतंत्र आज्ञावलींकडे सोपवावयास हवी होती. दुसरे, प्रोसेसर येतात आणि जातात, इंटेलचेही राज्य कायम राहील असे नाही. अशा स्थितीत एकाच प्रोसेसरला बांधलेली प्रणाली लिहिणे ही मूलभूत चूक आहे. टॉरवल्ड्सने तारुण्यसुलभ आवेशाने उत्तर दिले. ज्यांना नवे लिहिता येत नाही त्यांनाच जुने दुसरीकडे न्यावे लागते, अशी कोटीही त्याने केली. परंतु त्या उत्तरात एक विचारणीय मुद्दा होता. गाभा यंत्राला बांधलेला असला, तरी लिनक्सवर चालणाऱ्या आज्ञावलींना तिचे जे बाह्य रूप दिसते ते युनिक्सच्या सर्वमान्य संकेतांना धरून आहे. म्हणून त्या आज्ञावली कोठेही नेता येतात, असे त्याचे म्हणणे होते.

ह्या वादात कोण बरोबर होता? इंटेलचे राज्य लवकरच ओसरेल हा प्राध्यापकांचा अंदाज चुकला. परंतु एका प्रोसेसरला बांधून घेऊ नये हा त्यांचा उपदेश खरा ठरला, आणि तो खरा करून दाखविला लिनक्सनेच! हे कसे घडले, हे समजण्यासाठी त्याच वर्षीची आणखी एक घटना ध्यानात ठेवली पाहिजे. १९९२ साली टॉरवल्ड्सने लिनक्स जीपीएल ह्या परवान्याखाली आणली. ह्या परवान्यान्वये तिची मूळ संहिता कोणालाही घेता येई, वाचता येई, बदलता येई. अट एवढीच की, बदललेली आज्ञावली दुसऱ्यास द्यावयाची तर तिची संहिताही त्याच मोकळीकीने दिली पाहिजे. रूपांतर करण्यासाठी आता कोणाच्या अनुमतीची गरज उरली नव्हती.

ह्या मोकळीकीचा लाभ प्रथम घेतला तो अमिगा आणि अटारी ह्या घरगुती संगणकांच्या धन्यांनी. मोटोरोलाच्या ६८००० ह्या कुळातील प्रोसेसर असलेली ही यंत्रे १९८५ नंतरच्या काळात चित्र आणि संगीत ह्यांच्या कामासाठी नावाजलेली होती, आणि त्यांच्या मालकांचा त्यांच्यावर मोठा जीव होता. परंतु एप्रिल १९९४ मध्ये अमिगा बनविणारी कमोडोर कंपनी दिवाळ्यात निघाली. कंपनी बुडाली की यंत्र बंद पडते असे नव्हे. पण त्याच्यासाठी नवे लिहिणारे कोणी उरत नाही, आणि चालते यंत्र पाहता पाहता म्हातारे होते. ह्या यंत्रांवर लिनक्स आणण्याचा उद्योग हॅमिश मॅक्डोनाल्ड आदी मंडळींनी त्यापूर्वीच हाती घेतला होता. सर्वच अमिगांवर ते शक्य नव्हते. स्मृतीचे संरक्षण करणारा भाग साध्या ६८००० मध्ये नसे. त्यासाठी ६८०३० किंवा ६८०४० असा वरच्या प्रतीचा प्रोसेसर, अथवा ६८०२० ला जोडलेली स्वतंत्र चिप लागे. ज्यांच्यापाशी असे यंत्र होते त्यांच्या टेबलावर विद्यापीठातील मोठ्या यंत्रांसारखी युनिक्स पद्धतीची प्रणाली चालू लागली.

मात्र ह्या पहिल्या रूपांतराचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. ह्या मंडळींनी लिनक्सची संहिता उचलली आणि तिचा गाभा आपल्या यंत्रासाठी जवळजवळ नव्याने लिहिला. त्यामुळे मूळ लिनक्स एकीकडे आणि मोटोरोलाची लिनक्स दुसरीकडे, असे दोन प्रवाह वाहू लागले. मूळ प्रवाहात सुधारणा झाली की ती दुसऱ्या प्रवाहात हातांनी आणावी लागे. अशी दहा यंत्रांसाठी दहा रूपांतरे झाली असती, तर दहा निराळ्या प्रणाली झाल्या असत्या आणि लिनक्स हे केवळ एक आडनाव उरले असते. मार्च १९९४ मध्ये लिनक्सची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा अधिकृत संहितेत इंटेलखेरीज दुसऱ्या कुळाला स्थान नव्हते.

ह्यानंतर दोनच महिन्यांनी, मे १९९४ मध्ये, अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या ग्राहकांचे संमेलन भरले होते. तेथे त्या कंपनीतील जॉन हॉल ह्यांची आणि टॉरवल्ड्सची गाठ पडली. डिजिटलने १९९२ साली अल्फा नावाचा प्रोसेसर पुढे आणला होता. तो ६४ बिटांचा होता, म्हणजे ३८६ च्या दुप्पट रुंदीच्या संख्या तो एका वेळी हाताळी. लिनक्स ह्या यंत्रावर यावी अशी हॉल ह्यांची इच्छा होती आणि त्यांनी टॉरवल्ड्सला एक अल्फा यंत्र वापरावयास मिळवून दिले. आतापर्यंत दुसऱ्यांनी केलेली रूपांतरे दुरून पाहणाऱ्या माणसापुढे आता परके यंत्र स्वतःच येऊन बसले.

येथे टॉरवल्ड्सने जो निर्णय घेतला तो ह्या सर्व इतिहासाचा कळसाध्याय होय. अल्फासाठी निराळी लिनक्स लिहावयाची नाही. एकच संहिता दोन्ही यंत्रांवर चालली पाहिजे, असे त्याने ठरविले. त्यासाठी आपल्याच लेखनातील इंटेलपणा त्याला एकेका ओळीतून वेचून काढावा लागला. जे सर्व यंत्रांना समान ते एका जागी, आणि जे प्रत्येक कुळाचे खास ते ‘आर्क’ नावाच्या दालनात त्या त्या कुळाच्या खोलीत, अशी मांडणी झाली. स्मृतीचा हिशेब ठेवण्याची रीत हे तिचे चांगले उदाहरण आहे. ३८६ मध्ये हा हिशेब दोन पायऱ्यांच्या कोष्टकाने ठेवीत, अल्फाला तीन पायऱ्या लागत. टॉरवल्ड्सने सामाईक भाग तीन पायऱ्या धरूनच लिहिला. इंटेलच्या यंत्रावर मधली पायरी नुसती नावापुरती राहते आणि तिचा काही भार पडत नाही. मार्च १९९५ मध्ये १.२ ही आवृत्ती निघाली, तिच्यात अल्फा, स्पार्क आणि मिप्स ह्या तीन परक्या कुळांना जागा मिळाली. ह्यांपैकी स्पार्कचे रूपांतर रट्गर्स विद्यापीठातील डेव्हिड मिलर ह्या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने झाले होते. जून १९९६ च्या २.० आवृत्तीत मोटोरोलाचा दुरावलेला प्रवाहही मूळ प्रवाहास येऊन मिळाला. प्रबंधाच्या नावामागील इतिहास तो हाच.

घरोघरच्या यंत्रांत इंटेलला खरा प्रतिस्पर्धी होता तो ॲपलचा मॅकिंटॉश. मार्च १९९४ पासून त्यात पॉवरपीसी हा प्रोसेसर येऊ लागला होता. १९९६ साली ॲपलने ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या साहाय्याने एमकेलिनक्स नावाची प्रणाली काढली. तिच्यात लिनक्स थेट यंत्रावर बसत नसे. खाली माख नावाचा लहान गाभा आणि त्याच्या आधाराने वर लिनक्स, अशी रचना होती. टॅनेनबॉम ह्यांना अभिप्रेत असलेल्या धर्तीचाच हा लहान गाभा लिनक्सच्या पायाशी येऊन बसला होता. तथापि ह्या दुमजली रचनेत वेग खर्ची पडे. पुढे कॅनबेरा येथील पॉल मॅकेरस आणि इतर अनेकांच्या परिश्रमाने लिनक्स पॉवरपीसीवर थेट चालू लागली आणि एमकेलिनक्स मागे पडली. १९९९ साली टेरा सॉफ्ट ह्या अमेरिकन कंपनीने यलो डॉग लिनक्स नावाचा संच खास मॅकिंटॉशसाठी विक्रीस आणला.

मॅकिंटॉशच्या मालकाला हा मार्ग सोपा होता असे मात्र नाही. १९९८ पूर्वीच्या यंत्रांची घडणच अशी होती की ती सुरू होताना ॲपलच्याच प्रणालीची वाट पाहत. म्हणून आधी मॅकची प्रणाली सुरू करावयाची आणि मग बूटएक्स नावाच्या लहान आज्ञावलीकरवी तिला बाजूस सारून लिनक्सच्या हाती कारभार द्यावयाचा, अशी युक्ती योजावी लागे. लिनक्सच्या पडद्यावरील कामांना तीन कळांचा माउस अपेक्षित, मॅकचा माउस एकाच कळीचा. तेव्हा उरलेल्या दोन कळींचे काम कळफलकावरील बटणांकडे सोपवावे लागे. ह्या गमतीच्या अडचणी झाल्या. खरी अडचण माहितीची होती. बिनतारी जोडणीच्या चिपची माहिती तिच्या निर्मात्यांनी दिली नाही, तेव्हा स्वयंसेवकांनी तिच्या वर्तनाचा माग काढून तिच्यासाठी आज्ञावली लिहिली. ती २००६ साली लिनक्सच्या गाभ्यात आली.

आणि नेमक्या त्याच सुमारास खुद्द ॲपलने पॉवरपीसीचा त्याग केला. इंटेलकडे वळण्याची घोषणा जून २००५ मध्ये झाली आणि २००९ साली आलेली ॲपलची नवी प्रणाली पॉवरपीसीच्या यंत्रांवर चालेनाशी झाली. तीन-चार वर्षांपूर्वी ऐन किमतीत घेतलेले यंत्र त्याच्या निर्मात्याच्या लेखी जुने झाले. त्याच यंत्रावर लिनक्सच्या नव्या आवृत्त्या मात्र पुढेही येत राहिल्या. विकत घेतलेल्या वस्तूचे आयुष्य किती, हे विकणाऱ्याने ठरवावे की वापरणाऱ्याने, हा प्रश्न येथे येतो. लिनक्सने त्याचे उत्तर दिले असे नाही. परंतु वापरणाऱ्याच्या हातीही काही सत्ता येऊ शकते हे तिने दाखविले.

ह्याच काळातील दुसरे एक रूपांतर त्या वेळी फारसे कोणाच्या नजरेत भरले नव्हते. केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने १९८५ साली सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ह्यांच्या कल्पकतेतून आर्म नावाचा प्रोसेसर घडविला होता आणि आर्किमिडीज ह्या आपल्या संगणकात तो बसविला होता. १९९४ च्या सुमारास रसेल किंग ह्या इंग्रज तरुणाने आपल्या एकॉर्न यंत्रासाठी लिनक्सचे रूपांतर हाती घेतले. एकॉर्नचे संगणक काही वर्षांतच बाजारातून नाहीसे झाले. आर्म मात्र थोड्या विजेवर चालणारा म्हणून हातातल्या यंत्रांत शिरला. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन निघाला, त्याचा प्रोसेसर आर्म आणि गाभा लिनक्सचा होता. २०१२ साली ३५ डॉलरच्या रास्पबेरी पायने आर्म पुन्हा विद्यार्थ्यांच्या टेबलावर आणला, तोही लिनक्ससह. एका अल्पसंख्य यंत्राच्या मालकाने आपल्या हौसेसाठी घातलेली पायवाट पुढे हमरस्ता झाली.

२०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने इंटेललाही सोडून आर्म कुळातील एम१ हा आपला प्रोसेसर आणला, आणि जुने नाटक नव्या पात्रांनिशी पुन्हा रंगभूमीवर आले. माहितीपत्रके नाहीत, तरी यंत्र समजून घ्यावयाचे! आसाही लिनक्स ह्या नावाने हेक्टर मार्टिन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी हे काम आरंभिले आणि मार्च २०२२ मध्ये त्याचे पहिले चाचणीरूप लोकांपुढे ठेवले. त्याच वर्षीच्या जुलैअखेर लिनक्सची ५.१९ ही आवृत्ती टॉरवल्ड्सने प्रसिद्ध केली, ती आसाही चालविणाऱ्या ॲपलच्या आर्म यंत्रावरून. आणि तसे त्याने स्वतःच नमूद केले.

तत्पूर्वी दहा वर्षे आणखी एक गोष्ट घडून गेली होती. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातून ३८६ चा आधार काढून टाकण्यात आला. तो सांभाळण्याचा त्रास फार आणि उपयोग कोणालाच नाही, असे दिसून आले होते. ज्या यंत्रापलीकडे ही प्रणाली जाणार नाही असे तिच्या कर्त्याने सांगितले होते, त्याच यंत्रावर तिच्या नव्या आवृत्त्या चालेनाशा झाल्या. मोटोरोलाच्या ६८००० कुळाची खोली मात्र त्यानंतरही ‘आर्क’च्या दालनात टिकून राहिली, कारण तिची झाडलोट करणारी माणसे टिकून राहिली.

ह्या इतिहासाला एक उदास बाजूही आहे. संहिता मोकळी असली म्हणजे यंत्र अमर होते, असे नाही. डेबियन ह्या प्रसिद्ध संचाने १९९८ साली आपल्या २.० आवृत्तीत मोटोरोलाच्या यंत्रांना स्थान दिले होते. २००७ मध्ये ते अधिकृत यादीतून वगळले गेले, आणि २०१७ मध्ये जुन्या पॉवरपीसी मॅकचीही तीच गत झाली. त्यानंतर काही स्वयंसेवकांनी ही कामे संचाबाहेर, स्वतःच्या वेळात चालू ठेवली. गाभा चालतो, पण मोठ्या आज्ञावली त्या यंत्राला जड होत जातात. चुका शोधावयाच्या तर ते यंत्र चालू स्थितीत कोणाच्या तरी घरी असावे लागते. परवाना हक्क देतो. तो हक्क बजावण्यासाठी माणूस लागतो.

असे असले तरी १९९१ च्या त्या निवेदनाकडे आज पाहताना त्यातील चूक दूरदृष्टीच्या अभावाची होती असे म्हणता येत नाही. आपल्यापाशी जे यंत्र आहे त्यापुरते त्या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे लिहिले आणि प्रामाणिकपणे सांगितले. दुसऱ्यांच्या घरी कोणती यंत्रे आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. त्याने संहिता खुली ठेवली, आणि ज्याच्या त्याच्या गरजेने तिला ज्याच्या त्याच्या यंत्राची भाषा शिकविली. अल्फाच्या निमित्ताने ते सारे पाहुणे एकाच घरात नांदतील अशी व्यवस्था त्याने केली, हे त्याचे श्रेय. पण दारावर पहिली थाप दिली ती अमिगाच्या आणि अटारीच्या धन्यांनी, हे विसरून चालणार नाही.